अकरा पैशांचे सलाईन

बनगावच्या सरकारी रुग्णालयात १९७१ च्या जून महिन्यात कॉलराच्या रुग्णांसाठी दोन खोल्या होत्या. खाटा मोजक्याच आणि रुग्ण मात्र जमिनीवर, व्हरांड्यात, दाराबाहेरही. शीर शोधायची तर डॉक्टरला रुग्णाशेजारी, त्याच्या जुलाब-उलट्यांतच गुडघे टेकून बसावे लागे. एकाला सलाईन लावून होईपर्यंत शेजारच्याचे डोळे खोल गेलेले असत आणि नाडी हाताला लागेनाशी झालेली असे. कोलकात्याहून आलेल्या डॉ. दिलीप महालनबीस यांच्या पथकात शिरेतून सलाईन लावण्याचे शिक्षण असलेले दोघेच होते. येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच महालनबीस यांना कळून चुकले, की ही लढाई आपण हरत आहोत.

बनगाव हे पश्चिम बंगालमधले सीमेवरचे गाव. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जेसोरहून कोलकात्याकडे येणारा रस्ता तिथून जातो. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली आणि त्या रस्त्याने माणसांचा लोंढा सुरू झाला. वर्षअखेरीपर्यंत भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या सुमारे ९९ लाखांवर गेली. त्यातले बहुसंख्य पश्चिम बंगालमध्ये होते. त्रिपुरासारख्या छोट्या राज्यात तर तिथल्या मूळ लोकसंख्येच्या जवळजवळ बरोबरीने माणसे आली. आठशेहून अधिक छावण्या उभ्या राहिल्या. कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात जमिनीत टाकायला आणलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांमध्ये संसार मांडले गेले. एकट्या बनगाव परिसरात सुमारे साडेतीन लाख निर्वासित होते. त्यात पावसाळा तोंडावर, पिण्याचे आणि शौचाचे पाणी एकमेकांत मिसळलेले. अशा ठिकाणी कॉलरा, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पिढीची पटकी, आली नसती तरच नवल.

मदत येत नव्हती असे नाही. उलट, त्या वर्षी मदतीचा ओघ जगभरातून सुरू होता. पंडित रविशंकर यांनी आपला मित्र जॉर्ज हॅरिसन याला साकडे घातले आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन मैफली झाल्या. सुमारे ४० हजार श्रोते आले आणि तिकीटविक्रीतून २ लाख ४३ हजार डॉलर 'युनिसेफ'च्या हाती पडले. ब्रिटनमध्ये 'ऑक्सफॅम'ने लोकांना अंथरुणावरचे एक पांघरूण काढून देण्याचे आवाहन केले. तिथल्या टपाल खात्याने ती पांघरुणे फुकट वाहून नेली. भारतात १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे झाले. 'शरणार्थी सहायता' अशी अक्षरे छापलेले ते तिकीट आज साठी ओलांडलेल्या वाचकांनी नक्कीच चिकटवले असेल.

आणि प्रत्यक्ष हातही होते. रामकृष्ण मिशन, भारत सेवाश्रम संघ, रेड क्रॉस, गांधीवादी संस्थांचे कार्यकर्ते, मदर तेरेसांच्या भगिनी. कोलकात्याच्या आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी पाळीपाळीने छावण्यांत जात होते. विशी-बाविशीची ही मुले पुस्तकात वाचलेला कॉलरा पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होती. त्या वर्षी डोळे येण्याची प्रचंड साथही आली. स्वयंसेवक, डॉक्टर, छावणीतली माणसे, कोलकात्यातले ट्रामचे प्रवासी, कोणीच सुटले नाही. कोलकातावासीयांनी त्या लाल डोळ्यांना नाव दिले 'जय बांगला'. आजही तिथली जुनी माणसे डोळे आले की तेच नाव घेतात.

एवढे सगळे असताना बनगावच्या त्या दोन खोल्यांत माणसे मरत होती. का, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो.

कॉलरा झालेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब. सकाळी चालता-बोलता असलेला माणूस संध्याकाळी जिवंत असेलच असे नाही. उपचार त्या काळीही ठाऊक होता: जेवढे पाणी आणि क्षार गेले, तेवढे परत घालायचे. पण परत घालायचे म्हणजे शिरेतून घालायचे, असे पाठ्यपुस्तक सांगत होते. एका गंभीर रुग्णाला आठ-दहा लिटर सलाईन सहज लागते. अर्ध्या लिटरच्या बाटल्या धरल्या तर पंधरा-वीस बाटल्या, त्याही तेव्हा काचेच्या. दिवसाला शंभर रुग्ण आले तर दीड-दोन हजार बाटल्या. शिवाय निर्जंतुक सुया, नळ्या आणि खोल गेलेली शीर शोधून त्यात सुई घालणारा माणूस. बाटल्या पैशाने आणता येतात. खड्ड्यांच्या आणि माणसांनी भरलेल्या रस्त्यावरून त्या फुटू न देता पोचवणे कठीण, पण तेही एखादे वेळी जमते. सुई घालणारे शंभर हात एका आठवड्यात तयार होत नाहीत.

महालनबीस कोलकात्यातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात काम करत होते. त्यांच्या आधीच्या वीस वर्षांत या रोगाबद्दल पुष्कळ उलगडले होते आणि त्यातले बरेचसे काम बंगालच्या मातीतच झाले होते. कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते, की कॉलराच्या सौम्य रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन बरे करता येते. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९५९ मध्ये कोलकात्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले, की कॉलराचे जंतू एक विष सोडतात आणि आतडे पाणी बाहेर टाकू लागते ते त्या विषामुळे. १९६० मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी आतड्याच्या पेशींमधले एक गुपित सांगितले.

ते गुपित असे. आतड्याच्या अस्तरात मिठातले सोडियम आत घेणारी अनेक दारे असतात. कॉलराच्या विषाने त्यांतली काही बंद पडतात, म्हणून नुसते मिठाचे पाणी प्यायले तर ते तसेच खाली निघून जाते. पण एक दार शाबूत राहते. ते उघडते सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच. ही जोडी आत शिरली की तिच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. जुलाब लगेच थांबत नाहीत. मात्र बाहेर जाणाऱ्या पाण्याची भरपाई आतल्या बाजूने होत राहते आणि दोन-तीन दिवसांत रोगाचा जोर ओसरेपर्यंत माणूस तग धरतो. प्रमाण महत्त्वाचे. साखर फार झाली तर ती उलट शरीरातले पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी बंगाली सहकाऱ्यांसह हे रुग्णांवर पडताळले. तोंडाने पाणी दिले तर सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते, असे त्यांना आढळले. पण हे झाले रुग्णालयाच्या वॉर्डात. प्यायलेले आणि बाहेर पडलेले पाणी मोजणाऱ्या परिचारिका तिथे होत्या, रक्त तपासणारी प्रयोगशाळा होती. छावणीत, अशिक्षित नातेवाइकांच्या हाती हे देणे म्हणजे धोक्याला आमंत्रण, अशी बहुतेक जाणकारांची धारणा होती.

बनगावात दुसरा पर्याय उरला नव्हता. महालनबीस यांनी सर्वांत साधे मिश्रण निवडले: एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. तिन्ही वस्तू कोलकात्याच्या बाजारात पोत्याने मिळत होत्या. केंद्रातल्या ग्रंथालयाच्या खोलीत पुड्या बांधण्याचे काम सुरू झाले. कोणी वजन करी, कोणी प्लास्टिकच्या पिशवीत भरी, कोणी गरम इस्त्रीने पिशवीचे तोंड बंद करी. एक लिटरच्या सामानाचा खर्च आला ११ पैसे.

पुन्हा हिशेब. २२, साडेतीन आणि अडीच मिळून २८ ग्रॅम. म्हणजे हजार लिटर औषधाची भुकटी २८ किलो, एका माणसाच्या खांद्यावर मावेल एवढे एक पोते. तेवढेच सलाईन न्यायचे तर दोन हजार काचेच्या बाटल्या. पाणी तिथलेच, पिंपही तिथलेच. पिंपाला खाली तोटी बसवली, भुकटी ओतून ढवळली, की औषध तयार. रुग्णाची आई, बायको, भाऊ, कोणी असेल त्याने पेला घेऊन यायचे, भरून न्यायचा आणि घोट घोट पाजत राहायचे. उलटी झाली तर थोडे थांबून पुन्हा. तहान लागेल तोवर पाजायचे, एवढेच मोजमाप. शुद्ध हरपलेल्या, नाडी न लागणाऱ्या रुग्णांसाठी उरलेल्या सलाईनच्या बाटल्या राखून ठेवल्या. ते जरा सावरले की त्यांनाही पेल्यावर आणले.

इथे एका गमतीचा उल्लेख करायला हवा. गंमत म्हणायची, पण वॉर्डात काम केलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. छावणीतली माणसे या पाण्याला औषध मानायला तयार नव्हती. सलाईन म्हणजे खांबाला टांगलेली बाटली, त्यातून थेंब थेंब उतरणारे पाणी. ती लागली की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. हे आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यांत आजही रोज दिसते; थकवा आला तरी 'एक बाटली लावा डॉक्टर' म्हणणारे लोक आहेत आणि लावणारे डॉक्टरही आहेत. पथकातल्या कर्मचाऱ्यांचाही सुरुवातीला विश्वास बसत नव्हता. मग महालनबीस यांनी त्या पाण्याला नाव दिले 'तोंडाने घ्यायचे सलाईन'. सलाईन म्हटल्यावर ते लोकांच्या घशाखाली उतरले. बांगलादेशात आजही दुकानात जाऊन लोक 'खाबार स्यालाइन', म्हणजे खायचे सलाईन, मागतात. मराठीतला 'जलसंजीवनी' हा शब्द त्यामानाने फारच देखणा. पण रुग्णाच्या आजीला पटकन पटावे असे काम त्या बंगाली नावाने केले.

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बनगावात सुमारे ३,७०० रुग्णांवर असे उपचार झाले. आधी शंभरातले वीस-तीस रुग्ण दगावत होते. आता हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

या आकड्यांकडे शास्त्राच्या चष्म्यातून पाहिले तर त्यात उणिवा आहेत. अर्ध्या रुग्णांना हे पाणी आणि अर्ध्यांना दुसरे काही, अशी काटेकोर तुलना तिथे झालेली नव्हती. आलेल्या प्रत्येकाला कॉलराच होता, याची प्रयोगशाळेतून खात्री करणेही शक्य नव्हते. माणसे मरत असताना असली तुलना करणे कोणाला सुचलेही नसते. पण ज्या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत मिळाले नसते, ते या छावणीने दिले: लिहिता-वाचता न येणारी आई हे उपचार बिनधोक करू शकते का? करू शकते. शेजारी चोवीस तास बसणारी, न थकणारी, पेला हातातून न सोडणारी दुसरी परिचारिका कोणत्याही देशाच्या सरकारला नेमता आली नसती.

जागतिक आरोग्य संघटनेत जिवाणूजन्य रोगांचा विभाग सांभाळणारे डॉ. धीमान बरुआ ती छावणी पाहून गेले. ते मूळचे चितगावचे. जे दिसले त्याची त्यांना खात्री पटली आणि पुढे ही पद्धत जगभर न्यायला त्यांचा मोठा हातभार लागला. दरम्यान मिश्रण कसे करायचे याची पत्रके सीमेवर वाटली गेली होती. बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही ती माहिती प्रसारित झाली. जिथे कुठलेही वैद्यकीय पथक जाऊ शकत नव्हते तिथे ती आवाजाच्या रूपाने पोचली. महालनबीस यांचा प्रबंध छापून यायला मात्र १९७३ उजाडले. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने संपादकीयात या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले.

त्याच उन्हाळ्यातल्या न्यूयॉर्कच्या मैफलीचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. तिकिटांचे पैसे लगेच मिळाले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटातून आलेली, त्याहून कितीतरी मोठी रक्कम अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षे अडकून पडली. धर्मादाय कामासाठीची नोंदणी आधी केलेली नव्हती, एवढेच कारण. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्या गाण्यांमुळे बांगलादेश हे नाव जगाच्या तोंडी झाले, हेही खरे. पण बनगावातल्या रुग्णाकडे वेळ होता काही तासांचा.

मदत गोळा करणाऱ्याला हा काळाचा हिशेब सहसा कोणी सांगत नाही. वजनाचाही सांगत नाही. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियाच्या युद्धात जगाने औषधांचा पाऊस पाडला. नंतर तपासणी झाली तेव्हा आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक निरुपयोगी निघाली: मुदत संपलेली, परक्या भाषेतल्या लेबलांची, कोणी घरातल्या कपाटातून काढून दिलेली. सुमारे १७ हजार टन औषधे गोदामांत पडून होती आणि ती नष्ट करण्याचा खर्च त्या देशाच्या माथी आला. हे लांबचे उदाहरण वाटत असेल, तर २०१९ च्या ऑगस्टमधला सांगली-कोल्हापूरचा पूर आठवावा. मदतीच्या टेम्पोंमधून उतरलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडले होते आणि ते उचलणे हे पूरग्रस्त गावांचेच आणखी एक काम होऊन बसले होते.

डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध संपले आणि निर्वासित परत निघाले. घरे जळलेली, गुरे गेलेली, विहिरी नासलेल्या. त्यांच्यामागोमाग सिल्हेट भागातल्या सुल्ला या पाणथळ प्रदेशात फझले हसन आबेद नावाचा तरुण पोचला. एका तेल कंपनीत हिशेबाचे काम करणारा हा माणूस युद्धाच्या काळात लंडनला गेला होता आणि मित्रांबरोबर बांगलादेशसाठी निधी जमवत होता. तिथले आपले घर विकून आलेला पैसा त्याने परतलेल्या लोकांच्या पुनर्वसनात घातला. फेब्रुवारी १९७२ मध्ये सुरू झालेले ते काम म्हणजे आजची 'ब्रॅक' ही संस्था.

१९८० मध्ये 'ब्रॅक'ने ठरवले, की बांगलादेशातल्या प्रत्येक घरातल्या आईला जुलाबावरचे पाणी करायला शिकवायचे. पाकिटे सगळीकडे पोचणार नाहीत, पण मीठ आणि गूळ प्रत्येक घरात आहे. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बायका पायी गावोगाव फिरत. त्यांचा पगार ठरवण्याची पद्धत मोठी हुशारीची होती. किती घरे फिरलीस, हे कोणी विचारत नसे. काही आठवड्यांनी दुसरा कार्यकर्ता त्याच घरांत जाई आणि त्या आईला काय काय आठवते ते विचारी, तिच्याकडून पाणी करून घेई, त्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात. आईला जितके आठवे, तितके शिकवणारीला पैसे.

तरीही सुरुवातीला एक गोष्ट जमेना. आयांना कृती तोंडपाठ, पण मूल आजारी पडले की त्या वापरत नव्हत्या. शोध घेतल्यावर कळले, की शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळी घेत. मग आधी त्यांना हे पाणी काम कसे करते ते समजावून सांगितले गेले. घरातल्या पुरुषांना बाजारात आणि मशिदीत गाठले गेले. १९९० पर्यंत या मोहिमेने सुमारे १ कोटी २० लाख घरे पालथी घातली. दशकभर चाललेली ही चिमूट-मूठ शिकवणी आज बांगलादेशातल्या पोरांनाही माहीत आहे.

शिकवलेली माणसे नसतील तर काय होते, ते १९९४ च्या जुलैमध्ये आफ्रिकेत दिसले. रवांडातल्या नरसंहारानंतर चार-पाच दिवसांत ५ ते ८ लाख माणसे सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या गोमा शहराभोवती आली. खाली ज्वालामुखीचा कठीण खडक. शौचासाठी खड्डा खणता येईना, प्रेतांसाठीही नाही. पहिल्या आठवड्यात शुद्ध पाणी मिळाले माणशी दिवसाला पेलाभर, म्हणजे ०.२ लिटर. छावणीत माणशी किमान १५ लिटर पाणी हवे, असे आजचे निकष सांगतात. कॉलरा आला, पाठोपाठ रक्ती आव आली. पहिल्या महिन्यात जवळपास ५० हजार लोक मेले.

१९७१ नंतर तेवीस वर्षे उलटून गेली होती. जलसंजीवनीची पाकिटे जगभर तयार होत होती, विमानाने उतरत होती. जगातल्या मोठमोठ्या संस्था तिथे होत्या, डॉक्टर होते, सलाईन होते, टीव्हीचे कॅमेरे होते. एका तात्पुरत्या उपचार केंद्रात एका दिवशी दाखल रुग्णांपैकी ४८ टक्के दगावले. ढाक्याच्या अतिसार संशोधन संस्थेचे पथक मदतीला गेले होते. त्यांनी कारणे नोंदवली ती साधी होती. पाणी भरून काढण्याचा वेग फार कमी होता. तोंडाने पाजणे पुरेसे होत नव्हते. शिरेतून चुकीचे द्रव जात होते. आणि मुख्य म्हणजे, उपचार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गंभीर कॉलरा कधी पाहिलाच नव्हता. हे लोक आळशी किंवा बेपर्वा नव्हते. जीव तोडून काम करणारे, हजारो मैलांवरून आलेले स्वयंसेवक होते. पेला हातात घेऊन तासन्‌तास पाजत बसणे, हे काम आहे असे त्यांना कोणी शिकवले नव्हते. ढाक्याच्या पथकाने जिथे स्वतः सूत्रे घेतली तिथे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले.

ज्या देशातली माणसे बनगावच्या फरशीवर पडली होती, त्या देशातून हे पथक आले होते.

२०१७ च्या ऑगस्टपासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशच्या कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. डोंगर तोडून, बांबू आणि ताडपत्रीने एक शहरच उभे राहिले. कॉलराची भीती सर्वांना होती. ऑक्टोबरमध्ये छावणीत तोंडाने द्यायच्या कॉलरा लशीची मोहीम सुरू झाली आणि थोड्याच आठवड्यांत सुमारे नऊ लाख मात्रा दिल्या गेल्या. नळकोंडाळी, शौचालये आणि जुलाबाच्या रुग्णांसाठी केंद्रे उभी राहिली. घटसर्पाची मोठी साथ त्या छावणीत आली. कॉलराची तशी आली नाही.

आपल्याकडे छावणी हा शब्द दुष्काळातल्या गुरांसाठी आणि पुरातल्या शाळांसाठी वापरला जातो. शाळेच्या वर्गात चाळीस कुटुंबे, दोन संडास, टँकरचे पाणी. जंतूंच्या दृष्टीने बनगाव आणि ही शाळा यांत फरक नाही. गणेश मंडळे, महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची पथके, वाड्यावस्त्यांवरचे तरुण अशा वेळी धावून जातात, आणि बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, साड्या घेऊन जातात. त्यांनी निघण्यापूर्वी तिथल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला एक फोन करावा. बहुतेक वेळा उत्तर येते ते क्लोरीनचे द्रावण, साबण, झाकण आणि तोटी असलेली पिंपे, सॅनिटरी पॅड, जलसंजीवनीची पाकिटे आणि रात्रपाळीला थांबणारी दोन माणसे. बिस्किटांचे नाव त्यात क्वचितच असते.

छावणी नसतानाही हा प्रश्न घरापाशीच आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुलाब झालेल्या लहान मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांनाच जलसंजीवनी मिळाल्याचे दिसले. म्हणजे पाचांतली दोन मुले त्याविना राहिली, तेही पाकीट आशाताईंकडे फुकट मिळत असताना. त्याऐवजी प्रतिजैविके दिली जातात, सलाईन लावले जाते, किंवा फळांच्या चवीचे गोड पेय आणले जाते. या पेयांत साखर जास्त आणि मीठ नावाला असते. जुलाबात त्याने नुकसानच होते. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचे लिहिलेले आहे की नाही, ते वाचून घ्यावे.

आजच्या पाकिटात बनगावच्या मानाने साखर आणि मीठ दोन्ही कमी आहेत, पोटॅशियम आहे, सोड्याऐवजी सायट्रेट आहे. मोठे पाकीट एक लिटरसाठी असते. ते पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या किंवा क्लोरीन टाकलेल्या पाण्यात एकाच वेळी घालायचे. चमचा चमचा काढून पेल्यात मिसळायचे नाही, कारण मग प्रमाण बिघडते. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, चमच्याने, घाई न करता. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. अंगावरचे दूध चालू ठेवायचे, जेवणही. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. मूल मलूल झाले, पाणी पिईनासे झाले, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले, तर मात्र थेट रुग्णालयात, आणि वाटेतही पाजत पाजत. तयार केलेले पाणी चोवीस तासांनी फेकून द्यावे आणि नवीन करावे.